बाजेचा टेलिव्हिजन

आमच्या घरी टेलिव्हिजन आला तेव्हा जळकोटात वीज नव्हती. हे वाक्य मी परवा सूनबाईला ऐकवलं, तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं की आता आईंना डॉक्टरांकडं न्यायला हवं. पण ते खरं आहे. गावात रेडिओसुद्धा एकच, हमरस्त्यावरच्या इस्माईलचाचांच्या हॉटेलात, आणि तोही बॅटरी उतरली की आठवडाभर मुका. आमचा टेलिव्हिजन मात्र कधी मुका झाला नाही, कारण तो बाजेचा होता. घरातल्या एका बाजेचा सुंभ कुजला होता. नवा सुंभ विणून घ्यायचा म्हणून आईनं जुना सोडून टाकला, लाकडी सांगाडा भिंतीला उभा करून ठेवला, आणि दिवाळीची सुट्टी लागताच आम्ही पोरांनी तो पळवला. त्या चौकटीवर अण्णांचं जुनं धोतर ताणून बांधलं आणि मागं कंदील ठेवला. कंदील आणि धोतर यांच्यामध्ये उभं राहून आम्ही जे करू त्याच्या काळ्या सावल्या धोतरावर पडत. समोर बसणाऱ्यानं त्याला टेलिव्हिजन म्हणायचं, एवढीच अट होती.

अण्णा म्हणजे माझे वडील, गावातल्या शाळेचे हेडमास्तर. त्यांचं शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झालेलं, त्यामुळं बेरीज उर्दूत करायची आणि रागवायचं मराठीत, अशी त्यांची विभागणी होती. शाळेला लागूनच आम्हाला दोन खोल्या आणि पुढं पडवी होती. पडवीतून रस्ता दिसायचा. सोलापूरहून हैदराबादकडं जाणाऱ्या लॉऱ्या रात्रंदिवस धडधडत जात आणि त्यांच्या आवाजावरून आई सांगायची, ही भरलेली, ही रिकामी. दिवाळीच्या आठ दिवसांत तर घरात बसायला जागा नसे. एका कोपऱ्यात शेंगदाण्याचं कूट, एका कोपऱ्यात गुळाची ढेप, मध्ये आईचं लाटणं. आमच्याकडं दिवाळीला शेंगापोळी झाल्याशिवाय सण झाला असं कुणी मानत नसे. ती पोळी कडक, तुपाबरोबर खायची, आणि चार दिवस झाले की जास्त चांगली लागायची. चार दिवस ती उरली तर.

घरात आणखी होती कुसुमआत्या, अण्णांची धाकटी बहीण. आजी-आजोबा दोघंही गेलेले, म्हणून आत्याचं लग्न हे अण्णांच्या डोक्यावरचं काम होतं आणि ते काही केल्या होत नव्हतं. रूपानं आत्या चांगली, हातानं कामसू, आवाज तर असा की ती पडवीतून वसंताला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, जेवायला हाक मारायची तेव्हा ओढ्यापलीकडची गुरंसुद्धा माना वर करायची. शेजारच्या गंगूबाईशी तिच्या गप्पा भिंतीवरून चालत, दोघी आपापल्या स्वयंपाकघरातून न उठता. पण बघायला माणसं आली की हा आवाज कुठं जायचा कोण जाणे. पहिल्यांदा सोलापूरचे लोक आले. सतरंजीवर तीन पुरुष बसलेले, तिघंही तिच्याकडं टक लावून. एकानं विचारलं, "नाव काय, बाळ?" आत्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज नाही. दुसऱ्यांदा तुळजापूरचे आले तेव्हाही तेच. तिसऱ्या वेळेला पाहुणे आलेच नाहीत, कारण तोवर पंचक्रोशीत झालं होतं की गुरुजींची बहीण मुकी आहे, आणि लपवून खपवायला बघतायत.

टेलिव्हिजनची बातमी आणली दत्तूमामानं. मामा लष्करात होता, दिल्लीला. त्या दिवाळीत रजेवर आला आणि शेंगापोळी मोडत मोडत म्हणाला की दिल्लीत त्यानं एक खोकं पाहिलं, दुधाच्या जाळीच्या कपाटाएवढं, त्याला पुढून काच, आणि काचेच्या आत एक बाई बसून बोलत होती. आई म्हणाली, "तिला आत श्वास कसा घेता येतो?" मामानं मग नीट समजावून सांगितलं की बाई दुसरीकडं कुठं तरी असते, इथं फक्त दिसते. अण्णांनी तारायंत्राचं उदाहरण दिलं आणि गोंधळ वाढवला. आत्यानं मात्र एकच प्रश्न विचारला.

"दत्तूदादा, बघणारी माणसं तिला दिसतात का?"

"नाही. ती आपल्याला दिसते, आपण तिला नाही."

"मग बोलायला काय जातंय," आत्या म्हणाली आणि उठून भांडी घासायला गेली. दुसऱ्या दिवशी बाजेची चौकट पळवायची कल्पना आम्हाला तिनंच दिली.

आमच्या कार्यक्रमाचं नाव 'दोन हजार सालची चौकशी कंपनी'. तो रोज दिवेलागणीनंतर पडवीत व्हायचा. गोष्ट आत्या रचायची, लिहायची नाही, भाकरी थापता थापता सांगायची. दोन हजार साली माणसं चंद्रावर आणि मंगळावर राहायला गेलेली असतात, पण लग्नं जमवायची तर चौकशी हवीच, म्हणून धुरंधरराव नावाच्या गृहस्थांनी गुप्तहेरांची कंपनी काढलेली असते. कंपनीत ते स्वतः आणि त्यांचा टिचकी नावाचा नोकर. दोघंही इतके बावळट की त्यांनी कुठलाही वेष घेतला तरी लोक नाव घेऊन रामराम घालत. धुरंधररावांची सावली म्हणजे शेजारच्या गंगूबाईंचा हणमंत. त्याला दोन वाक्यंही पाठ होत नसत, पण पोट चांगलं पुढं आलेलं होतं आणि सावलीत ते शोभायचं. टिचकी वसंता. मंगळावरच्या सगळ्या बायका मी. आणि आत्या चौकटीच्या कडेला जमिनीवर बसून सगळ्या पुरुषांचे आवाज काढायची.

"टिचकी, वेष बदललास?"

"व्हय साहेब. झाड झालोय."

"मग हलतोयस कशाला?"

"साहेब, शेळी वेष खातीय."

पहिल्या दिवशी बघायला आई आणि गंगूबाई. चौथ्या दिवशी पडवी पुरेना. दोन हजार सालच्या गमती लोकांना फार आवडत. जळकोटहून चंद्राला एस.टी. जाते, पण नळदुर्गला चहासाठी अर्धा तास थांबते. भाकरीचं यंत्र निघालंय, पण भाकरी फुगली की छताला चिकटते आणि काढायला शिडी लागते. आता ते साल येऊन गेलं. चंद्राला एस.टी. सुरू झालेली नाही. नळदुर्गला गाडी अजून चहासाठी थांबते, एवढं आत्याचं बरोबर आलं.

चौकशीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आता फोनवरच सगळं समजतं. तेव्हा स्थळ सुचवलं गेलं की दोन्ही घरं एकेक माणूस गुपचूप दुसऱ्याच्या गावी धाडत. त्यानं काही तरी निमित्त काढून जायचं, हॉटेलात, न्हाव्याकडं, विहिरीवर बसायचं आणि आडून आडून विचारायचं. गावाला तो कोण आहे ते तासाभरात कळायचं. पण कळलं असं दाखवायचं नाही, हा शिष्टाचार. मुलीच्या घरच्यांनी तर त्याच्याकडं बघायचंही नाही. कारण एकदा का ओळख दाखवली की चौकशी राहिली नाही, शिफारस झाली, आणि ती कमीपणाची गोष्ट.

त्या वर्षी लोहाऱ्याचं स्थळ आलं होतं. मुलगा मास्तर होता, वडील नाहीत, घरात आई. आमच्याकडून अण्णांचे मित्र विठ्ठलमास्तर जाऊन आले होते. ते पडवीत बसून खूश होऊन सांगत होते, "मुलगा सरळ आहे. पण गुरुजी, सासू म्हणजे देवमाणूस. मी समोरच्या ओट्यावर बसलो होतो. शेजारीण कोंबडीवरून अर्धा तास तोंड सोडत होती. बाईंनी एक शब्द उलट दिला नाही. हसतमुखानं शेंगा फोडत बसल्या." आईनं आतून आत्याकडं पाहिलं. आत्यानं त्या दिवशी धुरंधररावांना एक गाणं म्हणायला लावलं. हे स्थळ तिला हवं होतं. मला तेव्हा बारावं लागलं होतं आणि एवढं मला कळत होतं.

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं एक गृहस्थ उतरले. स्वच्छ धोतर, काळी टोपी, हातात छत्री, आभाळात एक ढग नसताना. इस्माईलचाचांच्या बाकावर बसून त्यांनी सांगितलं की बैल बघायला आलोय. ज्वारीची पेरणी नुकती उरकलेली, आठवड्याचा बाजार तीन दिवसांवर, म्हणजे बैल घ्यायची ही वेळच नव्हे. त्यांना दोन-चार गोठे दाखवले गेले. त्यांनी एकाही बैलाचे दात पाहिले नाहीत, एकाचंही वय विचारलं नाही. प्रत्येक गोठ्यात विचारलं ते एवढंच, की गुरुजींचं घर कोणतं आणि माणसं कशी आहेत. ते लोहाऱ्याच्या मुलाचे काका सोपानराव आहेत, हे दुपारच्या आत सगळ्यांना ठाऊक झालं.

आणि मग गावानं आमच्यासाठी जीव तोडून काम केलं. दुपारपासून एकेकजण मागच्या दारानं येऊन अण्णांना खबर देऊ लागला. पहिले आले इस्माईलचाचा, खांद्यावर फडकं टाकून.

"गुरुजी, बिल्कुल फिकर नको. म्या बोललो त्यांना, लई गरीब लडकी है साब, मुँह में जबानच न्हाय."

अण्णांनी मान हलवली. त्यांच्या पाठोपाठ न्हावी आला. तो म्हणाला, "हजामत करताना सांगितलं बघा, गुरुजी. बाईमाणसाचा आवाज कसा असावा तर आमच्या गुरुजींच्या बहिणीवानी. आजपातुर आमी ऐकलाच न्हाय." शेवटी गंगूबाई आल्या. कमरेवर हात ठेवून, विजयी मुद्रेनं.

"म्या तर सांगून टाकलं, भिंतीला भिंत लावून ऱ्हातो आमी. पर आवाज म्हनून न्हाय कदी. मेल्यावानी शांत. लई खूश झालं असतील. काय बोललंच न्हाईत, नुसतं छत्रीकडं बगत बसलं."

आत्या चुलीपाशी होती. तिच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी जमिनीवर पडली. ती बाहेर आली आणि त्या प्रसिद्ध आवाजात म्हणाली, "अहो गंगूबाई, ते मी मुकी आहे का हेच बघायला आलेत."

गंगूबाईंनी पदर तोंडाला लावला. अण्णांचा चेहरा एखाद्या मुलानं सोडवलेलं गणित तपासताना चूक पहिल्याच ओळीत सापडावी तसा झाला. गावानं आपल्या परीनं मुलीचं सगळ्यात मोठं कौतुक केलं होतं, आणि प्रत्येक कौतुकानं त्या काकांची खात्री पटत गेली होती.

"मी जाऊन सांगतो," अण्णा म्हणाले.

"काय सांगता?" आई म्हणाली. "तुम्ही त्यांना ओळखतच नाही. ते बैल बघायला आलेत."

"मग जाऊन म्हणतो, बैलाचं जमलं का, आणि जाता जाता..."

"जाता जाता काय? माझी बहीण बोलते?"

अण्णा पुन्हा बसले. गंगूबाईंनी सुचवलं की त्या परत जातात आणि सांगतात की पोरगी लई तोंडाळ हाय. आईनं त्यांना हाताला धरून बसवलं. काका संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार, असं इस्माईलचाचांनी सांगितलं होतं. एकदा ते गेले की पंचक्रोशीतल्या अफवेवर लोहाऱ्याचा शिक्का बसणार आणि पुन्हा कुणी या दारात येणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. आणि त्यावर करण्यासारखं एकही काम शिष्टाचारात बसत नव्हतं.

त्यात त्याच संध्याकाळी आमच्या टेलिव्हिजनचा मोठा कार्यक्रम होता. पडवी पुरत नाही म्हणून तो शाळेपुढच्या पटांगणात, रस्त्याच्या कडेला करायचा असं ठरलं होतं, आणि इस्माईलचाचा कंदिलाऐवजी हॉटेलातली गॅसबत्ती देणार होते. अण्णा म्हणाले, खेळ रद्द करा. आई म्हणाली, रद्द केला तर लोक का म्हणून विचारतील, आणि कुसुम पडद्यामागंच तर बसते, दिसणार कुणाला. अण्णांनी नाइलाजानं होकार दिला. तेवढ्यात हणमंत पोट धरून आला. त्यानं चकल्यांचं कच्चं पीठ खाल्लं होतं, बरंच. त्याला बसताही येत नव्हतं, धुरंधरराव व्हायचं तर लांबच.

मग आत्यानं अण्णांचा काळा कोट अंगात घातला, डोक्याला पटका बांधला आणि पोटावर उशी बांधून घेतली. मिशी घोंगडीच्या लोकरीची होती. काजळाची मिशी सावलीत दिसत नाही, म्हणून आम्ही लोकर खळीत बुडवून कडक वाळवली होती. चांगली वीतभर बाहेर यायची. आई म्हणाली, "कुसुमवन्सं, अहो हे दिसलं कुणाला तर?" आत्या म्हणाली, "धोतर जाड आहे, वहिनी." आणि मिशी चिकटवली.

अंधार पडेपर्यंत पटांगण भरलं. पुढं पोरं, मग बायका, मागं पुरुष. सोपानकाका गाडीची वाट बघत हॉटेलाच्या बाकावर बसले होते. इस्माईलचाचांनीच त्यांना सांगितलं, "गाडीला टैम है साब, खेल देखो," आणि आणून पुरुषांच्या पहिल्या रांगेत बसवलं. मी पडद्याच्या फटीतून ती काळी टोपी पाहिली आणि आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगू नकोस. मला इथनं कुणी दिसत नाही, तेच बरं आहे."

त्या दिवसाची गोष्ट आम्ही चार दिवस आधीच बसवली होती, हे मुद्दाम सांगते, कारण पुढं गावात कुणाचा त्यावर विश्वास बसला नाही. धुरंधरराव मंगळावरच्या मुलाची चौकशी करायला जातात. मंगळावरची बाई म्हणजे मी, पाणी भरत असते.

"रामराम पाव्हणं. कुणीकडं?" मी विचारलं.

"बैल बघायला आलोय," धुरंधररावांचा खर्जातला आवाज.

पटांगणात जो हशा उसळला तो नळदुर्गपर्यंत गेला असेल. माणसं आडव्या नजरेनं एकाच दिशेला बघून हसत होती. अण्णा शाळेच्या खांबाला धरून उभे होते.

"मंगळावर बैल न्हाईत, पाव्हणं."

"असं? मग मी काय बघायला आलो असेन बरं?"

"नवरा मुलगा बघायला आलाय तुम्ही. धुरंधरराव ना? या बसा, चहा ठेवलाय."

सगळ्यांत मोठ्यानं हसत होते सोपानकाका. त्यांनी शेजारी बसलेल्या न्हाव्याच्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "काय येडं आहे हो हे. सगळ्या गावाला माहीत आणि ह्याला वाटतंय आपण गुप्त." न्हावी म्हणाला, "व्हय की." आपण कुणाच्या लक्षात आलो असू ही शंकाही त्यांना शिवली नव्हती. एवढ्यात संध्याकाळची गाडी येऊन हॉटेलापुढं थांबली. ड्रायव्हर-कंडक्टर उतरले आणि तेही कडेला उभे राहून बघायला लागले.

शेवटी धुरंधरराव अग्निबाणात बसून पृथ्वीवर परत येतात. अग्निबाण म्हणजे तेरखेड्याचा, फटाके बनवणाऱ्या गावचा, भुईनळा. तो ओलसर वाटला म्हणून वसंतानं दिवसभर उन्हात ठेवला होता, आणि तेरखेड्याच्या मालाला एवढ्या उन्हाची गरज नसते. पेटवल्याबरोबर तो उसळला, कलंडला आणि सगळ्या ठिणग्या धोतरावर. मधोमध एक तांबडं भोक पडलं. ते रुपयाएवढं होतं, मग ताटाएवढं झालं, मग चौकटीत धोतरच राहिलं नाही. पलीकडं गॅसबत्तीच्या झगझगीत उजेडात कोट, पटका, उशी आणि अर्धी लोंबणारी मिशी घालून आत्या उभी होती, आणि अलीकडं सगळं गाव.

बायका ओरडत उठल्या. मागं रस्ता, रस्त्यावर लॉऱ्या, पुढं पोरं, आणि बत्तीत रॉकेल भरलेलं. एक क्षण आत्यानं त्या शे-दीडशे डोळ्यांकडं पाहिलं. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, झालं. मग ती बोलली.

"कुणी उठायचं नाही." खर्जातला नाही, तिचा स्वतःचा, ओढ्यापलीकडं जाणारा आवाज. "जागच्या जागी बसा. इस्माईलचाचा, बत्ती उचला आणि लांब न्या. वसंता, घागर. गंगूबाई, रस्त्याकडं पोर जाऊ देऊ नका. ओ बैलवाले, खाली बसा, तुमच्या पायाशी लेकरू आहे."

सोपानकाका पळायच्या बेतात उभे राहिले होते. ते मटकन खाली बसले आणि पायाशी आलेलं पोर त्यांनी उचलून मांडीवर घेतलं. सगळं पटांगण बसलं. ड्रायव्हर-कंडक्टरही बसले. वसंतानं घागर रिकामी केली, बाजेची चौकट चर्र करून विझली. कुणाला साधा चटका बसला नाही.

मग आत्याला कळलं की सगळे तिच्याकडंच बघतायत. तिनं लोंबती मिशी हातानं दाबून नीट बसवली.

"टिचकी," ती म्हणाली, "आपण पोचलो का?"

वसंता रिकामी घागर घेऊन उभा होता. हे वाक्य गोष्टीत नव्हतं. त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, पोचलो. पर मंगळ जळला."

लोक हसून हसून लोळले. उरलेला भाग आत्यानं पडद्याशिवाय, काळ्या पडलेल्या चौकटीतून, सगळ्यांच्या डोळ्यांत बघत पुरा केला. गाडी भोंगा वाजवून निघून गेली आणि सोपानकाका तिच्यात नव्हते. अण्णा खांब सोडून घरात गेले आणि न जेवता झोपले. आई म्हणाली, "आता मुकी तरी म्हणणार नाहीत. मिशीवाली म्हणतील."

सकाळी आई चहाला आधण ठेवत होती तेव्हा सोपानकाका छत्री घेऊन आमच्या पडवीत उभे. रात्री ते शाळेच्या ओसरीवर झोपले होते. अण्णांनी सतरंजी टाकली. काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"गुरुजी," ते म्हणाले, "मला बैल घ्यायचा नव्हता."

"असं का?" अण्णा म्हणाले. इतका कोरा चेहरा मी त्यांचा पुन्हा पाहिला नाही.

"मी लोहाऱ्याचा. मुलाचा काका. हे असं येणं रीतीला धरून नाही, मला कळतंय. पण तुमच्या गावानं मला कोड्यात टाकलं. ज्याला विचारावं तो म्हणतो, मुलीचा आवाज ऐकला नाही. मी तर नाद सोडला होता, गाडीची वाट बघत बसलो होतो. आता खरं काय ते सांगतो. आमच्या वहिनींना ऐकू येत नाही. अगदी कानाशी आणि मोठ्यानं, स्पष्ट बोललं तरच. पोरगा शाळेत शिकवून येतो आणि घरी त्याचा आवाज बसलेला असतो. चार वर्षं झाली, त्या घरात कुणी कुणाशी धड बोललेलं नाही. वहिनींचं म्हणणं एकच होतं, सून कशीही असू दे, तिचं बोलणं मला ऐकू आलं पाहिजे." त्यांनी छत्री बाजूला ठेवली. "काल तुमची बहीण मला बसा म्हणाली. माझे पाय माझ्याआधी बसले, गुरुजी."

अण्णांना विठ्ठलमास्तर आठवले असावेत, शेजारणीची कोंबडी आणि हसतमुखानं फोडलेल्या शेंगा. आईला तर नक्की आठवले, कारण आतून चहाचं भांडं आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हसू दाबल्याचा. तिकडं विठ्ठलमास्तरांनी आणि इकडं गावानं एकाच गप्पपणाचं इतकं कौतुक केलं होतं की लग्न मोडता मोडता राहिलं.

आत्या आता पासष्टीला टेकली आहे. लोहाऱ्याला तिच्या घरी मोठा रंगीत टीव्ही आहे आणि ती तो आवाज बंद करून बघते. म्हणते, ह्यांच्यापेक्षा मी बरी बोलते, आणि नातवंडांना सगळ्या पात्रांचे संवाद स्वतः म्हणून दाखवते. मी गेले की आम्ही दोघी मिळून म्हणतो. आत्याचे जावई कपाळाला हात लावतात.

तर तेव्हा, सोपानकाका गेल्यावर पुढच्याच आठवड्यात लोहाऱ्याची माणसं रीतसर बघायला आली. सतरंजी घातली, पोहे झाले, शेंगापोळी झाली. मुलगा बारीक आवाजाचा, सज्जन दिसला. त्याची आई भिंतीला टेकून बसली होती, सगळ्यांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत, हसत. आत्या आली, नमस्कार करून बसली. पुन्हा तीच सतरंजी, पुन्हा तेच टक लावून बघणं. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"नाव काय, बाळ?" म्हातारीनं विचारलं आणि सवयीनं मुलाकडं बघितलं, तो कानाशी येऊन सांगेल म्हणून.

आत्यानं म्हातारीच्या डोळ्यांत पाहिलं. मग तिनं नाव सांगितलं. स्वतःचं, वडलांचं आणि आडनाव, वसंताला ओढ्यापलीकडून बोलवायच्या आवाजात.

म्हातारी मुलाकडं बघायची थांबली. तिनं पुढं सरकून आत्याचा हात धरला आणि, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, घर हलेल अशा आवाजात म्हणाली, "कुसुम. चांगलं नाव आहे. मला आवडली." आत्या तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "पोहे आणखी घ्या." लग्नाचं पुढं जे काही बोलायचं ते अण्णांना आणि सोपानकाकांना बोलायला मिळालंच नाही. त्या दोघींनी तिथंच सगळं ठरवलं, आणि साखर वाटायच्या आधी हॉटेलापर्यंत सगळ्यांना समजलं.

भिंतीपलीकडून गंगूबाईंचा आवाज आला. त्या बराच वेळ कान लावून उभ्या असणार.

"गुरुजी, पाव्हण्यास्नी सांगा. म्या म्हनलं हुतं, भिंतीला भिंत लावून ऱ्हातो पर आवाज न्हाय आला कदी. तर ते म्या माघारी घेतलं. आज आला."